‘कमी’ म्हणजे वजाबाकी नव्हे: प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्व शिक्षकांना, मॉडरेटरना आणि परीक्षा विभागातल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी गणित आणि विज्ञान शिकवतो. गेली बावीस वर्षं पेपरही काढतो. तेव्हा बाहेरच्या माणसाने आतल्यांना सुनावलेले हे चार शब्द नाहीत. खाली ज्या प्रश्नाची मी चिरफाड करणार आहे, तो प्रश्नही माझाच आहे.

सहावीच्या सहामाही परीक्षेत मी हे शाब्दिक उदाहरण घातलं होतं: ‘मीनाकडे असलेल्या मण्यांपेक्षा राजूकडे ५ मणी कमी आहेत. राजूकडे १२ मणी असल्यास मीनाकडे किती मणी आहेत?’

एका मुलाने ७ लिहिलं. ७ लिहिणारे इतरही होते, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल हे की त्याच्या पेपरातली सगळी आकडेमोड चोख होती. अपूर्णांकांची बेरीज, दशांशाचा गुणाकार, सगळं. आणि शेवटच्या पानावरची पाचही शाब्दिक उदाहरणं चुकलेली. मी समासात लाल पेनाने शेरा मारला: ‘प्रश्न नीट वाच.’ हा शेरा मी त्या वर्षात त्याच्या वहीत किती वेळा लिहिला असेल, ते मोजायची माझी हिंमत नाही.

पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. तो मुळात कमी बोलतो, आणि बोलला तरी वाक्य अर्ध्यावर सोडून देतो. त्याने पेपर पुढे केला, ‘कमी’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सर, कमी. कमी केलं.” म्हणजे प्रश्न त्याने वाचला होता. नीटच वाचला होता. मी कागदावर एक आडवी पट्टी काढली, तिच्यावर ‘राजू १२’ लिहिलं. तिच्याखाली मीनाची पट्टी काढायला घेतली, राजूच्या पट्टीच्या पुढे नेली आणि जास्तीच्या तुकड्यावर ५ लिहिलं. माझी रेघ पुरी व्हायच्या आत तो म्हणाला, “सतरा.”

पुढे काही महिन्यांनी त्याच्या आईने एक अहवाल आणून दाखवला. स्पीच थेरपिस्टने तपासणीअंती लिहिलं होतं: डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर. विकासात्मक भाषा विकार. थोडक्यात डीएलडी. इतकी वर्षं नोकरी करून हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डिस्लेक्सिया माहीत होता, ऑटिझम माहीत होता, हे नव्हतं. तुमच्यातल्याही अनेकांना नसेल, म्हणून थोडं सांगतो.

या मुलांना ऐकू नीट येतं. मेंदूला इजा झालेली नसते, ऑटिझम किंवा मतिमंदत्व असं दुसरं कारणही सापडत नाही. तरी भाषा समजणं आणि भाषेत मांडणं त्यांना वयाच्या मानाने फार जड जातं, आणि मोठं झाल्यावर ही अडचण आपोआप सुटत नाही. नवा शब्द दहादा ऐकूनही बसत नाही. माहीत असलेला शब्द ऐन वेळी सापडत नाही. लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात हातून सुटलेली असते. पूर्वी या स्थितीला तज्ज्ञांच्या जगातच अनेक नावं होती. २०१६ आणि २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन व्याख्येवर आणि या नावावर एकमत घडवलं. पूर्वी भाषा कमजोर आणि बाकीची बुद्धी मात्र चांगली, अशी तफावत दिसली तरच निदान करायची पद्धत होती. ती अटही त्यांनी काढून टाकली.

कारणांबद्दल एवढं सांगता येतं की आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि कुठलंही एकच जनुक यामागे नाही. आईवडील मुलाशी कमी बोलले म्हणून हे होत नाही. घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणूनही होत नाही. मुलाला डीएलडी असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि ‘घरची भाषा बंद करा’ या आपल्या आवडत्या सल्ल्याला काहीही आधार नाही. (हा सल्ला मी स्वतः दोन पालकांना दिलेला आहे.)

आता आकडा सांगतो, कारण पेपर काढणाऱ्याला आकड्यांशी देणंघेणं असतं. इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, दुसरं कोणतंही कारण नसलेला भाषा विकार सुमारे ७.६ टक्के मुलांत आढळला. तीसच्या वर्गात साधारण दोन मुलं. तुमचा पेपर एक लाख मुलांपुढे जात असेल, तर याच हिशेबाने सात हजारांहून जास्त. ही मुलं आपल्याला दिसत कशी नाहीत? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९९७ साली अशीच पाहणी प्रसिद्ध झाली होती. ज्या मुलांत भाषेची अडचण सापडली, त्यांच्यापैकी जेमतेम २९ टक्के मुलांच्या पालकांना त्याबद्दल आधी कुणी काही सांगितलं होतं. बाकीच्यांना आपण इतर नावं देतो. आळशी. लक्ष नसतं. उद्धट. यातली बरीच मुलं खडाखडा वाचतात, वर्गात योग्य जागी मान हलवतात आणि शेजाऱ्याने वही उघडली की वही उघडतात. पेपरात मात्र शेजारी बघायची सोय नसते.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे. गणिताच्या, विज्ञानाच्या, भूगोलाच्या प्रश्नात दोन प्रकारची भाषा असते. एक विषयाची: अपूर्णांक, बाष्पीभवन, अक्षांश. ती आलीच पाहिजे, ती शिकवणं हेच आपलं काम. दुसरी भाषा म्हणजे त्या संज्ञांना वाहून नेणारी गाडी: ‘असल्यास’, ‘वगळता’, ‘अनुक्रमे’, ‘उपरोक्त’, ‘पैकी’, आणि त्यांना बांधून ठेवणारी वाक्यरचना. आपण तपासायला निघतो पहिली, आणि नापास करतो दुसरीवर.

मराठीत ही गाडी फार लवकर जड होते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाविषयी जे काही सांगायचं ते नामाच्या आधी. एका जुन्या पेपरातला माझाच नमुना देतो: ‘दुकानदाराने सकाळी ग्राहकांकडून परत घेतलेल्या वह्यांपैकी संध्याकाळपर्यंत न विकल्या गेलेल्या वह्यांची संख्या काढा.’ हे कशाविषयी चाललंय हे अगदी शेवटी कळतं. तोवर कुणी घेतलं, कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, काय विकलं गेलं नाही, हे सगळं डोक्यात तोलून धरायचं. ओले कपडे एकामागून एक हातात येताहेत आणि दोरी अजून बांधायचीच आहे, तशी गत. तुमची-माझी दोरी आपोआप बांधली जाते, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. डीएलडी असलेल्या मुलांच्या बाबतीत नेमकी हीच जागा कच्ची असते. ‘टिबलोमकी’सारखा निरर्थक शब्द ऐकून लगेच तसाच्या तसा म्हणायला सांगायचा, अशी एक साधी चाचणी आहे. सूझन गॅदरकोल आणि अॅलन बॅडली यांनी १९९० साली दाखवलं की शब्द लांबत गेला की ही मुलं इतरांपेक्षा फार जास्त अडखळतात. ऐकलेला आवाज क्षणभर धरून ठेवणंच ज्याला जड जातं, त्याच्यापुढे आपण तेरा शब्दांचं वाक्य ठेवतो आणि उत्तर चुकलं की गणित कच्चं म्हणतो.

क्रमाचीही अशीच गंमत आहे. ‘तापमान नोंदवण्यापूर्वी मिश्रण ढवळा.’ वाक्यात तापमान आधी, कृतीत नंतर. लहान मुलं जे आधी ऐकतात ते आधी करतात. बहुतेकांची ही सवय काही वर्षांत सुटते, या मुलांची लवकर सुटत नाही. प्रयोगवहीत मी आता ‘आधी मिश्रण ढवळा. मग तापमान नोंदवा’ असं लिहितो. दोन शब्द वाढले, एवढंच. आणि ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?’ या प्रश्नातून आपण नेमकं काय तपासतो, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. मी सुमारे पंधरा वर्षं हा प्रश्न घालत आलो. तपासणी होते ती फक्त दोन नकार एकमेकांना खातात हे पोराला घाईत आठवतं का, याची.

शब्दांबद्दल एक आडवळण घेतो. आपल्या विषयांच्या संज्ञा बऱ्याचदा दुहेरी आयुष्य जगतात. वर्ग म्हणजे जिथे बसतो तो, आणि पाचाचा पंचवीस तोही. मूळ झाडाचं, आणि वर्गमूळही. घात, पद, छेद, अंश, सगळ्यांचं तेच. ‘डोक्यावर ओझं घेऊन एका जागी उभं राहिलं तर कार्य शून्य’ असं शिकवल्यावर एका मुलीने मला विचारलं होतं, “मग घाम कशाचा येतो?” हुशार मुलगी, तिने निदान विचारलं. डीएलडी असलेला मुलगा विचारत नाही. तो रोजचा अर्थ घेऊन पुढे जातो आणि तिथून पुढचं सगळं वाकडं होतं. हे शब्द पेपरातून काढा असं मी म्हणत नाही. ते वर्गात मुद्दाम, परत परत, दोन्ही अर्थ शेजारी ठेवून शिकवायचे. शिकवण्यातली ती जबाबदारी माझी. पेपरातली तुमची.

तुम्ही म्हणाल, सवलती आहेतच की. वाचक मिळतो, लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. या सवलती प्रामुख्याने वाचन-लेखनाची अडचण डोळ्यांपुढे ठेवून तयार झाल्या. ज्या मुलाला अक्षरं उलगडताना त्रास होतो, त्याला कुणी प्रश्न वाचून दाखवला की दार उघडतं. डीएलडीत कानाने ऐकलेलं वाक्यच उमगत नाही. न समजणारं वाक्य मोठ्याने वाचलं की ते मोठ्याने न समजणारं वाक्य होतं. काही मुलांना दोन्ही अडचणी असतात, त्यांना वाचक हवाच. जादा वेळही हवा, कारण शब्द शोधायला आणि पुन्हा वाचायला वेळ लागतो. पण जे वाक्य पहिल्या मिनिटाला उमगलं नाही, त्याच्यापुढे आणखी अर्धा तास बसवून ठेवणं याला मी सवलत म्हणणार नाही.

इंग्लंडमधल्या शालेय परीक्षांच्या नियमांनी यावर वेगळी वाट काढली. तिथे ‘लँग्वेज मॉडिफायर’ नावाच्या मदतनिसाची तरतूद झाली. विद्यार्थ्याने एखाद्या प्रश्नाबद्दल विचारलं तर या माणसाने प्रश्नातली वाहक भाषा सोप्या शब्दांत सांगायची, विषयाच्या संज्ञा मात्र समजावायच्या नाहीत. मी वर गाडी आणि माल असा जो भेद केला, तोच त्यांनी नियमात बसवला. मला विचाराल तर अशी मदत गरजू मुलाला मिळावीच. पण प्रत्येक परीक्षा केंद्रावर जाणकार माणूस शोधण्यापेक्षा पेपरच मुळात साध्या भाषेत छापणं जास्त सोपं आहे. त्यात विचारायला लाजणाऱ्या मुलाचंही भागतं, आणि ज्याचं निदान अजून झालेलंच नाही त्याचंही.

आता तुमचा आक्षेप. तो मला माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानेच ऐकवला. मण्यांचा प्रश्न मी असा बदलला होता: ‘राजूकडे १२ मणी आहेत. मीनाकडे राजूपेक्षा ५ मणी जास्त आहेत. मीनाकडे किती मणी आहेत?’ तो म्हणाला, “भाषा नाही बदललीस, गणित बदललंस. ‘कमी’ वाचून उलटा विचार करता येतो का, हेच तर बघायचं होतं.” त्याचं बरोबर होतं. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही, पण बरोबर होतं. उलटा विचार हे गणितच आहे, ते काढून टाकलं तर दर्जा खरंच उतरतो. मग आम्ही दोघांनी बसून तिसरा प्रश्न केला: ‘राजूकडे १२ मणी आहेत. राजूकडे मीनापेक्षा ५ मणी कमी आहेत. मीनाकडे किती मणी आहेत?’ कमी तसाच आहे, खाचही तशीच आहे. गेलं ते ‘असलेल्या’ आणि ‘असल्यास’. आधी माहीत असलेली गोष्ट आधी आली, मुलाला लगेच पट्टी काढता येते. तसं पाहिलं तर या खाचेत पडणारा माझा विद्यार्थी एकटा नाही. लुईस आणि मेयर यांनी १९८७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशी उदाहरणं दिली, तेव्हा ‘कमी’ वाचून जिथे बेरीज करायची असते तिथे तेही जास्त चुकले.

भाषा सोपी केली की हुशार मुलांना फुकटचे गुण मिळतात, ही दुसरी भीती. जमाल अबेदी आणि कॅरल लॉर्ड यांचा २००१ मधला अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यांनी अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांना गणिताचे तेच प्रश्न मूळ भाषेत आणि सोप्या भाषेत दिले. त्यांचा रोख इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांवर होता, डीएलडीवर नव्हे, आणि दिसलेला फरकही प्रचंड नव्हता. पण फायदा झाला तो गणितात मागे आणि मध्यम असलेल्या वर्गांना. वरच्या वर्गांतल्या मुलांना विशेष फरक पडला नाही. साहजिकच आहे, त्यांची दोरी बांधलेलीच होती.

भाषेच्या पेपराचं काय, असंही विचारलं जाईल. तिथे भाषाच तपासायची असते, उतारा कठीण असू दे. पण ‘पुढील उताऱ्याच्या आधारे योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरून विधाने पूर्ण करा’ ही सूचना तरी कठीण असायचं काय कारण?

उत्तराच्या बाजूलाही बघा. जलचक्रावरच्या एका प्रश्नाला त्याच मुलाने बाणांसह अचूक आकृती काढली होती आणि खाली लिहिलं होतं: ‘पाणी गरम वर जाते ते होते ढग.’ नमुना उत्तरात चार वाक्यं होती, म्हणून तपासणाऱ्याने अर्धे गुण कापले. ‘सकारण स्पष्ट करा’ म्हणजे चार वाक्यंच, असं कुठे लिहिलंय? आकृती, तक्ता, तुटक मुद्दे यांतून समज दिसत असेल तर पूर्ण गुण द्यावेत आणि विज्ञानाच्या पेपरात व्याकरणासाठी गुण कापू नयेत, एवढी एक ओळ गुणदान योजनेत छापा. तुम्ही छापली नाही तर तपासणारा धजावत नाही. मीही धजावलो नव्हतो.

तोंडी परीक्षेबद्दल थोडक्यात. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि सुधारली. ज्याला शब्द शोधायला वेळ लागतो त्याला तीनहून जास्त द्या. मनात दहापर्यंत मोजा. परीक्षकाला ते अवघड वाटतं, पण पोराला तेवढ्यात शब्द सापडतो.

‘लहानपणची अडचण आहे, दहावीपर्यंत जाईल’ अशी समजूत असेल तर तीही सोडून द्या. मँचेस्टरच्या संशोधकांनी भाषेची अडचण असलेल्या मुलांचा सातव्या वर्षापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. बऱ्याच जणांची अडचण किशोरवयातही कायम होती आणि शालेय परीक्षांत ती मुलं मागे पडली. आपले सर्वांत गच्च भाषेतले पेपर नेमके त्याच वयासाठी असतात.

मॉडरेशनच्या फॉर्ममध्ये गुणविभागणीचा रकाना आहे, काठिण्यपातळीचा आहे, अभ्यासक्रमातल्या घटकांचा आहे. भाषेचा नाही. तो घाला. भाषाविषय सोडून प्रत्येक पेपर छापखान्यात जाण्याआधी विषय न शिकवणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्या. भाषेचा शिक्षक चालेल, स्पीच थेरपिस्ट मिळाली तर उत्तमच. तिने एकच काम करायचं: विषयाची संज्ञा नसलेला जो शब्द अडवतो त्याला गोल करायचा, आणि एका दमात न समजणाऱ्या वाक्याखाली रेघ मारायची. एका पेपरला तासाभराहून जास्त लागणार नाही. मी हे दोन वर्षं करतो आहे. पहिल्या खेपेला माझ्या चाळीस गुणांच्या पेपरवर एकोणीस गोल आले होते, आणि एक गोल तर ‘शक्य तितक्या सोप्या रूपात’ यातल्या ‘रूपात’वर होता. मी वाद घातला. हरलो.

तो मुलगा आता नववीत आहे. सराव परीक्षेत न समजलेला शब्द गोल करून ठेव, असं मी त्याला सांगून ठेवलंय. परवाच्या पेपरात त्याने सातपैकी सहा शाब्दिक उदाहरणं सोडवली, त्यातली पाच बरोबर. सातव्या प्रश्नाखाली उत्तर नव्हतं. प्रश्नात फक्त ‘अनुक्रमे’ या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता. तो प्रश्न मी काढलेला होता.

आपला,
तुमच्यातलाच एक गणिताचा शिक्षक